वटवृक्षाला हवी मोकळी माती

अक्कलकोट : सोलापूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, कर्नाटकच्या सीमेलगत वसलेल्या या गावाची ओळख महाराष्ट्राला आहे ती श्रीस्वामी समर्थांमुळे. १८५७ च्या आसपास स्वामी येथे आले आणि १८७८ मध्ये येथेच समाधिस्थ झाले. ज्या वडाखाली त्यांची बैठक असे, त्याच्याच नावाने आजचे वटवृक्ष मंदिर ओळखले जाते. एखाद्या झाडाने देवस्थानाला नाव द्यावे, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. गावोगावी वड-पिंपळाच्या सावलीत देवळे उभी राहिली, पार बांधले गेले, पंचायती भरल्या, बाजार वसले. मात्र झाडामुळे जी जागा पवित्र झाली, त्या जागेच्या सुशोभीकरणात झाडाकडेच दुर्लक्ष होते, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो.

कुऱ्हाडीने पडणारे झाड सर्वांना दिसते. त्याविरुद्ध आवाज उठतो, निवेदने दिली जातात. फरशीखाली गुदमरणारे झाड मात्र दिसत नाही. ते दहा-पंधरा वर्षे हळूहळू वाळत राहते आणि एखाद्या वळवाच्या पावसात उन्मळून पडते. मंदिराचे आवार असो, जुन्या वाड्याचे अंगण असो, शाळेचे मैदान असो किंवा शहरातील गृहनिर्माण संस्थेची बाग असो, जुन्या वडाची निगा राखण्याचे मर्म दोनच गोष्टींत सामावलेले आहे. त्याच्या मुळांवरची माती मोकळी ठेवणे आणि त्याच्या पारंब्यांना जमिनीपर्यंत पोहोचू देणे. बाकी सारे उपाय यानंतरचे.

पसरत जाणारे झाड

वड हा आपला राष्ट्रीय वृक्ष. शास्त्रीय भाषेत 'फायकस बेंगालेन्सिस'. अंजीर, उंबर आणि पिंपळ हे त्याचे सख्खे भाऊबंद. त्याची लाल फळे म्हणजे खरे तर आतल्या बाजूस फुललेल्या शेकडो फुलांच्या बंद कुप्या. या फुलांचे परागीभवन करणारी इवलीशी गांधीलमाशी ठरलेली असते. ती नसेल तर वडाच्या फळात सकस बी धरत नाही. तांबट, मैना, कोकीळ, हरियाल हे पक्षी आणि ज्यांच्या नावातच वड आहे ती वटवाघळे ही फळे खातात आणि बी दूरवर टाकतात. म्हणूनच वडाचे रोप पुष्कळदा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात, देवळाच्या शिखरावर किंवा विहिरीच्या कठड्यात उगवलेले दिसते.

इतर झाडे उंच वाढतात, वड रुंद वाढतो. त्याच्या आडव्या फांद्यांपासून पारंब्या खाली सुटतात. हवेत लोंबकळत असताना त्या दोरीसारख्या बारीक असतात. जमिनीला टेकल्या की त्यांना मुळे फुटतात आणि काही वर्षांत त्या खांबासारख्या जाड होतात. हे खांब फांदीचा भार पेलतातच, शिवाय तिला पाणी आणि अन्नद्रव्येही पुरवतात. आंध्र प्रदेशातील 'तिम्मम्मा मर्रिमानू' या प्रसिद्ध वडाचा विस्तार सुमारे पावणेपाच एकरांचा आहे, तो अशाच खांबांच्या आधारावर.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कोलकात्याजवळ हावडा येथे आहे. तेथील आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यानातील महावटवृक्षाला १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांनी जबर तडाखा दिला. मोडलेल्या फांद्यांच्या जखमांमधून बुरशी शिरली. अखेर १९२५ मध्ये त्याचे मूळ खोडच कापून काढावे लागले. तरीही झाड मेले नाही. हजारो पारंब्यांच्या खांबांवर ते आज शंभर वर्षांनंतरही उभे आहे. मूळ खोड नसलेले, पण जिवंत असलेले झाड! पारंब्यांना जमीन मिळाली म्हणूनच हे शक्य झाले. त्या जागी सिमेंटचे अंगण असते तर १९२५ मध्येच त्याची कथा संपली असती.

फरशीखाली काय घडते?

झाडाची मुळे फांद्यांइतकीच खोल जातात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात झाडाला पाणी आणि अन्न शोषून देणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. या मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. शेतकरी ज्याला 'वाफसा' म्हणतात, म्हणजे मातीत ओल आणि हवा यांचा मेळ असणे, तोच वडालाही हवा असतो. अक्कलकोट परिसरातील काळी, चिकण माती मुळातच दाबली की घट्ट बसणारी. त्यावर हजारो पावलांचा भार पडला, वाहने उभी राहिली, मुरूम टाकून रोलर फिरला आणि वर सिमेंटमध्ये फरशी बसली, की वाफसा कायमचा संपतो.

पाण्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. खोडापासून चारही बाजूंना बारा मीटर पसरलेल्या वडाचा घेर सुमारे साडेचारशे चौरस मीटर भरतो. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एवढ्या जागेवर वर्षभरात सुमारे अडीच लाख लिटर पाणी पडते. जमीन उघडी असेल तर त्यातील मोठा वाटा मातीत मुरतो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झाडाच्या कामी येतो. जमीन सिमेंटने बंद केली तर तेच पाणी गटारात जाते. मग एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे गेल्यावर झाड फांद्यांची टोके सोडू लागते. लोक म्हणतात, "झाड म्हातारे झाले." वडाच्या आयुष्यात शंभर-दीडशे वर्षे म्हणजे म्हातारपण नव्हे. ते तहानलेले असते.

पाराचाही प्रश्न आहे. जुने पार बहुधा दगडांच्या कोरड्या रचाईचे असत. दगडांच्या सांध्यांतून पाणी आणि हवा खेळत असे. आता पार बांधायचा म्हणजे विटा-सिमेंटची गोल भिंत घालायची, आत तीन-चार फूट भराव टाकायचा आणि वर ग्रॅनाइट किंवा चकचकीत टाइल्स बसवायच्या, अशी रीत पडली आहे. या भरावात खोडाचा जो भाग गाडला जातो, त्याची साल सतत ओलीत राहून कुजू लागते. खोड जमिनीला मिळते त्या ठिकाणी बुंधा पसरट होऊन मुळे फुटताना दिसली पाहिजेत. बुंधा विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत शिरताना दिसला, तर तो भरावाने गाडला गेला आहे, असे खुशाल समजावे.

फरशी कशी असावी?

भाविकांना प्रदक्षिणा घालायची असते, पावसाळ्यात चिखल नको असतो, ज्येष्ठ नागरिकांना सपाट वाट हवी असते. या गरजा खऱ्या आहेत. त्यांचा आणि झाडाचा मेळ घालता येतो.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरच्या आतील काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. रस्त्याकडेच्या झाडांसाठी घालून दिलेली ही किमान मर्यादा होय. जुन्या वडाला याहून कितीतरी अधिक जागा लागते. खोडाभोवती निदान तीन-चार मीटर माती पूर्ण उघडी ठेवावी. त्यापलीकडे फरशी आवश्यकच असेल तर ती वाळूच्या थरावर, दोन बोटांची फट सोडून, सिमेंटविना बसवावी. अक्कलकोटपासून फार दूर नसलेल्या शहाबादचा दगड या कामासाठी उत्तम. पिढ्यान्‌पिढ्या या भागातील वाड्यांत तोच वापरला गेला आहे. गर्दीच्या ठिकाणी प्रदक्षिणेच्या वाटेपुरती लोखंडी किंवा लाकडी जाळी छोट्या खांबांवर बसवली, तर पावलांचा भार मातीवर न पडता खांबांवर पडतो आणि खाली मुळे मोकळी राहतात.

आधीच बसवलेले सिमेंट काढताना घाई करू नये. यंत्राने खणण्याचा मोह टाळावा. एका फटक्यात हाताएवढी मुळे तुटतात. छिन्नी-हातोड्याने फरशी सोडवावी, भराव हाताने उपसावा आणि मूळ दिसताच थांबावे. हे काम भर उन्हाळ्यात करू नये. अनेक वर्षे झाकलेली मुळे एकदम उन्हात उघडी पडली तर करपतात. पावसाळ्याच्या तोंडावर, टप्प्याटप्प्याने काम करणे श्रेयस्कर. मोकळ्या झालेल्या मातीवर कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा यांचा तीन-चार बोटे जाडीचा थर द्यावा. हा थर खोडाला मात्र टेकू देऊ नये. वडाची गळलेली पाने झाडून जाळण्यापेक्षा तेथेच पसरणे हे सर्वांत स्वस्त खत होय.

माती फारच घट्ट झाली असेल तर फांद्यांच्या घेराखाली मीटरभर अंतराने, गिरमिटाने दोन इंच रुंद आणि फूट-दीड फूट खोल छिद्रे घेऊन त्यांत बारीक खडी व कंपोस्ट भरावे. यातून हवा आणि पाणी खाली पोहोचते. छिद्र घेताना जाड मूळ लागले तर जागा बदलावी.

पाणी खोडाशी नको

बहुतेक ठिकाणी वडाला पाणी घातले जाते ते खोडावर. श्रद्धेचा कलशभर जलाभिषेक झाडाला बाधत नाही, पण ते झाडाचे पाणी नव्हे. पाणी शोषणारी मुळे फांद्यांच्या घेराच्या कडेला असतात. तेथे उथळ चर काढून महिन्यातून एक-दोनदा, सावकाश आणि भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडल्याने मुळे वरच येतात आणि उन्हात पोळतात. खोल काळ्या मातीत, मोकळ्या जागी वाढलेल्या वडाला अशा पाण्याची गरज सहसा पडत नाही. चहूबाजूंनी बांधकामाने वेढलेल्या वडाला फेब्रुवारी ते मे या काळात मात्र ती पडते.

मंदिराची किंवा इमारतीची फरशी फिनेल, साबण टाकून धुतली जाते. ते पाणी उताराने झाडाच्या आळ्यात जाणार नाही, याची काळजी घ्यावी. पावसाळ्यात छपराचे स्वच्छ पाणी पन्हाळीने झाडाकडे वळवले तर मात्र तो दुहेरी लाभ ठरतो.

पारंब्या कापू नका

शहरांत वडाच्या पारंब्या सर्वाधिक कापल्या जातात. त्या वाहनांना लागतात, मुले लोंबकळतात, 'भकास दिसतात' अशी कारणे सांगितली जातात. प्रत्येक कापलेली पारंबी म्हणजे भविष्यात मिळणारा एक खांब गमावणे होय. फांदी दरवर्षी लांबते, जड होते. खालून आधार नसेल तर सारा भार तिच्या खोडाजवळच्या सांध्यावर येतो आणि वाऱ्याच्या एका झोतात ती फाटते.

सोलापूरसारख्या कोरड्या हवेत पारंब्यांची टोके उन्हाळ्यात वाळतात. त्यामुळे त्या अनेकदा अर्ध्यावरच थांबतात. त्यांना जमिनीपर्यंत आणण्याची एक सोपी पद्धत आहे. सर्वांत लांब आणि जड आडवी फांदी निवडावी. तिच्या मध्यापासून टोकापर्यंतच्या भागातील दोन-तीन सशक्त पारंब्या राखाव्यात. जाड बांबू उभा चिरून, आतील पेरे काढून, त्यात माती, कंपोस्ट आणि नारळाचा काथ्या भरावा. पारंबीचे टोक त्यात सोडून दोन्ही फाका सुतळीने बांधाव्यात आणि वरून गोणपाट गुंडाळावे. बांबूचे खालचे टोक फूटभर खोल, चांगल्या मातीने भरलेल्या खड्ड्यात रोवावे. गोणपाट ओले ठेवावे. जून महिन्यात सुरुवात केली तर पावसाळ्याची दमट हवा मदतीला येते. मुळे जमिनीत धरल्याची खात्री होईपर्यंत बांबू काढू नये. खांब जाड होण्यास काही वर्षे लागतात. तोपर्यंत फारच जड झालेल्या फांदीला खालून लोखंडी टेकू द्यावा. टेकू आणि फांदी यांच्यामध्ये रबराची जाड गादी ठेवावी, म्हणजे साल सोलवटत नाही.

कोठे पारंबी येऊ द्यायची आणि कोठे वाट मोकळी ठेवायची, हे आधीच आखून घेतले तर वर्दळ आणि झाड यांचा संघर्ष टळतो.

काटछाट : कमी आणि योग्य जागी

पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटण्याची मोहीम सर्वच शहरांत निघते. त्यात अनेकदा वडाची एकच बाजू उतरवली जाते. विजेच्या तारांकडची बाजू साफ, दुसरी बाजू तशीच. अशा झाडाचा तोल जातो आणि पुढच्या वादळात ते भरलेल्या बाजूला कलंडते. वडाची छाटणी करायचीच असेल तर वाळलेल्या, किडलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांपुरती ठेवावी. जिवंत फांदी कमी करायची झाल्यास दोन्ही बाजूंचा तोल पाहावा आणि एका वर्षात फार हिरवा भाग काढू नये. ऐन पावसाळा टाळावा, कारण ओल्या जखमेत बुरशी लवकर शिरते. घरट्यांत पिले असतील तर काम पुढे ढकलावे.

फांदी खोडाला मिळते तेथे सालीचे एक फुगीर कडे दिसते. कापणी या कड्याच्या लगेच बाहेर करावी. कडे कापून खोडाशी सपाट केले तर जखम मोठी होते. फूट-दोन फूट ठुंठा ठेवला तर तो कुजतो आणि कुज आत शिरते. जड फांदी एकदम कापली तर ती खाली येताना खोडाची साल सोलून नेते. त्यासाठी आधी खालून अर्धवट काप, मग थोड्या पुढे वरून काप देऊन भार उतरवावा आणि शेवटी उरलेला ठुंठा कड्याशी नीट कापावा.

अमेरिकेच्या वन खात्यातील शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हजारो खोडे उभी चिरून तपासली आणि झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही, हे दाखवून दिले. झाड जखमेभोवती आतून भिंती उभारते आणि कुजलेला भाग तेथेच कोंडून टाकते. म्हणूनच खोडाची ढोली खरवडून त्यात सिमेंट भरण्याची जुनी पद्धत आता त्याज्य मानली जाते. खरवडण्याने ती भिंत फुटते आणि सिमेंटमागे पाणी साचून कुज वाढते. ढोली रिकामी असू द्यावी. पिंगळा किंवा पोपट तेथे संसार थाटतील.

कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे तिचे प्रमाण जिल्ह्यातील डाळिंब आणि द्राक्ष बागाईतदारांना तोंडपाठ असते. पण चुकीच्या जागी केलेला काप कोणत्याही लेपाने सुधारत नाही, हे ध्यानात ठेवावे.

श्रद्धेचे ओझे

वटपौर्णिमेला सुवासिनी वडाला सूत गुंडाळतात. ते कापसाचे असेल तर एका पावसाळ्यात कुजून जाते आणि झाडाला काही होत नाही. अलीकडे बाजारात मिळणारा नायलॉनमिश्रित धागा मात्र वर्षानुवर्षे टिकतो. खोडापेक्षा कोवळ्या पारंब्यांना आणि फांद्यांना तो अधिक काचतो. पूजेनंतर आठवड्याभरात सूत कापून काढण्याची जबाबदारी मंडळांनी किंवा संस्थांनी घ्यावी. पूजेसाठी बाजारात विकल्या जाणाऱ्या वडाच्या फांद्या विकत घेण्याऐवजी कुंडीतल्या रोपाची पूजा करून ते पावसाळ्यात लावणे अधिक शोभून दिसेल.

खोडाच्या खोबणीत लावलेल्या पणत्या आणि उदबत्त्या सालीखालचा जिवंत थर भाजून काढतात. सांडलेले तेल मातीत मुरले की ती माती पाणी धरत नाही. दिवे खोडापासून दूर, स्वतंत्र दीपमाळेवर लावावेत. फलक, घंटा, दानपेटी आणि विद्युत रोषणाईसाठी ठोकलेले खिळे ही बुरशीला दिलेली वाट असते. रोषणाईच्या तारा खोडाला करकचून बांधू नयेत. उत्सव संपताच त्या उतरवाव्यात. निर्माल्याचा ढीग बुंध्याशी साचवू नये. त्याचे खत करून तेच झाडाला घालावे. तैलरंगाने खोड रंगवण्याने त्याची शोभाही वाढत नाही आणि आयुष्यही.

आजार कसा ओळखावा?

निरोगी वडाचा शेंडा दाट असतो. वरून आभाळ दिसू लागले, पाने लहान आणि पिवळी येऊ लागली, टोकाच्या फांद्या वाळू लागल्या, तर दोष बहुधा मुळाशी असतो. खोडावर मातीचे बोगदे दिसले तर वाळवी, भोकांतून भुसा पडत असेल तर खोड पोखरणारी भिरूड किंवा साल खाणारी अळी समजावी. बुंध्याशी उगवलेली, लाकडासारखी कडक, पंख्याच्या आकाराची भूछत्रे ही सर्वांत गंभीर सूचना. आतील लाकूड आणि मुळे कुजत असल्याची ती खूण असते.

तेलंगणातील महबूबनगरजवळच्या 'पिल्ललमर्री' या प्राचीन वडाची मोठी फांदी डिसेंबर २०१७ मध्ये कोसळली, तेव्हा वाळवीने तो आतून पोखरल्याचे लक्षात आले. २०१८ मध्ये वन विभागाने सलाइनच्या बाटल्या लावून थेंबाथेंबाने त्याच्या खोडात कीटकनाशक सोडले. कलंडलेल्या फांद्यांना आधार दिले आणि नव्या पारंब्यांना नळ्यांतून जमिनीपर्यंत वाट करून दिली. झाडाला सलाइन लावल्याच्या छायाचित्रांची देशभर चर्चा झाली. औषधाचा हा उपचार जाणकारांच्या देखरेखीखालीच करण्याजोगा आहे. घरच्या घरी खोडात विषारी द्रव्ये ओतणे झाडाला आणि माणसाला, दोघांनाही घातक ठरेल. आधार आणि पारंब्यांची वाट हे उरलेले दोन उपाय मात्र कोणालाही करता येतील.

हा केवळ झाडाच्या आयुष्याचा प्रश्न नाही. अकोला जिल्ह्यातील पारस येथे ९ एप्रिल २०२३ च्या रात्री वादळी पावसात एक जुने कडुनिंबाचे झाड मंदिराच्या आवारातील पत्र्याच्या शेडवर कोसळले. शेडखाली आसऱ्याला थांबलेल्या सात जणांचा मृत्यू झाला. गर्दीच्या ठिकाणच्या जुन्या झाडाची दरवर्षी, पावसाळ्यापूर्वी जाणकाराकडून तपासणी करून घेणे किती आवश्यक आहे, हे या दुर्घटनेने दाखवून दिले. बुंध्याजवळच्या जमिनीला नव्याने भेगा पडणे, एका बाजूची माती उचलली जाणे, झाड पूर्वीपेक्षा अधिक कललेले दिसणे, ही लक्षणे आढळताच खालची जागा तातडीने मोकळी करावी. अशा झाडाखाली पत्र्याची शेड उभारणे किंवा मंडप घालणे टाळावे.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात नागरी भागांतील झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा आहे. तो महापालिकांप्रमाणेच नगरपालिकांनाही लागू होतो. झाड तोडणे या संज्ञेत झाड जाळणे आणि त्याला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे यांचाही समावेश आहे. म्हणून मोठी छाटणी करण्यापूर्वी स्थानिक वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेणे आवश्यक ठरते. झाड आपल्या खासगी आवारात असले तरी हा नियम चुकत नाही. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना 'प्राचीन वृक्ष' अर्थात हेरिटेज ट्री असा दर्जा देण्यात आला. एखादे झाड तोडावेच लागले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणजे शंभर वर्षांच्या वडाच्या बदल्यात शंभर रोपे. अर्थात, शंभर रोपांना त्या वडाएवढी सावली धरायला किती काळ लागेल, याचा हिशेब कायद्यात मांडता येत नाही.

वारस आजच तयार करा

बिहारमधील बोधगयेचा बोधिवृक्ष, म्हणजे पिंपळ, १८७६ मध्ये वादळात कोसळला. त्यानंतर १८८१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्याच जागी नवे रोप लावले आणि आज भाविक त्याच झाडापुढे नतमस्तक होतात. कितीही जपले तरी प्रत्येक झाडाला अंत असतो. वड मात्र आपला वारस स्वतःच्याच फांदीतून देऊ शकतो. पावसाळ्याच्या तोंडावर मनगटाएवढी जाड आणि पाच-सहा फूट लांब फांदी घेऊन तिचा खालचा फूट-दीड फूट भाग ओलसर मातीत पुरला, वरच्या कापाला शेणमातीचा लेप दिला आणि ओल टिकवली, तर तिला मुळे फुटतात. बियांपासून आलेले रोप हे आईवडिलांचे अपत्य असते. फांदीपासून आलेला वड म्हणजे तोच वृक्ष, नव्या जागी सुरू झालेला. ज्या गावाला, देवस्थानाला किंवा वाड्याला आपला जुना वड प्रिय आहे, त्याने तो धडधाकट असतानाच त्याची चार-पाच रोपे तयार करून ठेवणे शहाणपणाचे. ती लावताना इमारत, विहीर आणि जलवाहिनी यांपासून निदान पंधरा-वीस मीटर अंतर राखावे, म्हणजे पुढच्या पिढीला ती कापावी लागणार नाहीत.

अक्कलकोटला येणारा भाविक वटवृक्षापुढे हात जोडतो, तेव्हा दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या सावलीशी त्याचे नाते जुळते. अशी सावली आपापल्या गावात आणि सोसायटीत टिकावी, असे वाटत असेल तर यंदा पावसाळ्यापूर्वी एक काम करण्याजोगे आहे. आपल्या जवळच्या जुन्या वडाभोवती एक फेरी मारावी आणि बुंध्याशी किती माती उघडी आहे, ते पाहावे. ती हातभरही नसेल, तर तिथली पहिली फरशी काढण्यापासूनच सुरुवात करावी लागेल.